वाड्यावरचा राखणदार

दिवाळी सरली की फलटणकडचे कितीतरी धनगर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. रात्री माळावर वाघूर लावतात. आत मेंढरं, बाहेर लांडगा. मधे कोण? आपला कुत्रा.

पण कुत्रा आणला म्हणजे राखण झाली, असे नाही. तो नीट निवडावा लागतो, नीट वाढवावा लागतो.

वाड्यावरचा कुत्रा बहुधा मिश्र जातीचाच असतो. त्यात कमीपणा नाही. मात्र कारवानी रक्त जास्त असले, तर ससा दिसताच तो धावत सुटतो आणि मेंढरं मागे राहतात. म्हणून आम्ही सांगतो, जात विचारू नका, आई-बाप पाहा. ते मेंढरांत शांत बसतात का? कोकराला कधी तोंड लावले आहे का?

पिल्लू दोन महिन्यांचे झाले की आणा. त्याआधी आईपासून तोडू नका. आणल्यावर कोकरांजवळच ठेवा. लहानपणी ज्यांची सोबत लाभते, त्यांनाच ते आपले मानते. खेळता खेळता कोकरामागे धावले, तर तिथल्या तिथे अडवा. आज हसून सोडले, तर उद्या ते कान फाडील. दीड-दोन वर्षांचे होईतो जुन्या कुत्र्याबरोबर ठेवा.

त्याला पोटभर भाकरी घाला. उपाशी कुत्रा गावात फिरतो, राखण करत नाही. मात्र मेलेल्या मेंढराची आतडी-काळीज कच्चे घालू नका. खोल खड्ड्यात पुरा. त्यातल्या पाण्याच्या फोडांमुळे कुत्र्याच्या पोटात जंत होतात. जंतांची अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती पोरांच्या हाताला लागून पोटात गेली, तर पोरांच्या अंगातही तसल्या गाठी होतात. म्हणून डॉक्टरांना विचारून कुत्र्याला जंताचे औषध वेळच्या वेळी द्या.

तिसऱ्या महिन्यात पिसाळण्याची लस टोचून घ्या. पुढे दर वर्षी टोचा. कुत्रा चावला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात १५ मिनिटे धुवा. हळद, चुना लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. हा रोग एकदा दिसू लागला, की माणूस बहुधा हाती लागत नाही.

आणखी एक. लांडग्यासाठी विष ठेवू नका. ते आपलाच कुत्रा खातो. शिवाय १९७२ च्या कायद्याने लांडगा मारणे गुन्हा आहे. मेंढरू गेले, तर लगेच वन खात्याला कळवा. भरपाई मागता येते.

राखणदाराची काळजी आपण घेऊ, तर तो आपली मेंढरं राखील.