असं का होतं? : सगळ्यांचे फोन एकदम का वाजले?

जुलै 2023 मध्ये महाराष्ट्रात अनेकांचे मोबाइल अचानक भोंग्यासारखे वाजू लागले. केंद्र सरकार आणीबाणीच्या इशाऱ्याची चाचणी घेत होतं. सगळे फोन एकदम कसे वाजले?

एसएमएस पत्रासारखा एकेका नंबरला जातो. लाखो लोकांना एकदम पाठवायचा तर रांग लागते. हा इशारा दवंडीसारखा असतो. टॉवर तो एका सामाईक वाहिनीवर ठरावीक वेळ पुन्हा पुन्हा प्रसारित करतो आणि त्याच्या टप्प्यातला, ही सोय असलेला प्रत्येक फोन तो ऐकतो. त्यासाठी नंबर लागत नाही, इंटरनेटही नाही. नेटवर्कवर कितीही गर्दी असली तरी इशारा अडत नाही. प्रत्येक इशाऱ्याला क्रमांक असतो, म्हणून फोन तो एकदाच दाखवतो.

असाच इशारा कार्यालयातल्या संगणकांवर द्यायचा तर गणित वेगळं आहे. एका जाळ्यात सगळ्यांना उद्देशून संदेश सोडता येतो, पण राउटर तो सहसा पुढे जाऊ देत नाही. म्हणून प्रत्येक संगणकात एक छोटा प्रोग्राम बसवतात. तो मुख्य सर्व्हरशी सतत जोडलेला असतो. इशारा येताच चालू काम झाकून पूर्ण पडद्यावर मजकूर येतो.

जालन्यासारख्या जिल्ह्यात फोनवरच्या अशा इशाऱ्याची खरी निकड विजांसाठी आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देतं, पण त्याला इंटरनेट लागतं. भोकरदन-अंबडकडच्या शेतात साधा फोन खिशात घेऊन राबणाऱ्यापर्यंत टॉवरवरून दिलेली हाकच पोचेल, आणि ती वीज पडण्याआधी पोचायला हवी.