घरगुती सायकल ट्रेलर

सायकल ट्रेलर किंवा सायकलची जोडगाडी म्हणजे सायकलला मागून जोडलेली, स्वतःचे पायडल वा इंजिन नसलेली एक किंवा दोन चाकांची मालवाहू गाडी होय. जुन्या सायकलींची चाके, लोखंडी नळ्या आणि प्लायवूड वापरून ती घरी किंवा वेल्डिंगच्या दुकानात बनवता येते.

मीरा रोड (पूर्व) येथील शांती नगरसारख्या सपाट व दाट वस्तीत पाण्याचे जार आणि गॅस सिलिंडर सायकलवरून पोहोचवले जातात. २० लिटरच्या जारमधील पाणीच २० किलोग्रॅम भरते. १४.२ किलोग्रॅम गॅस असलेल्या घरगुती सिलिंडरचे एकूण वजन सुमारे ३० किलोग्रॅम असते. असे दोन-तीन नग कॅरिअरवर किंवा हँडलला टांगल्यास सायकलचा गुरुत्वमध्य वर जातो आणि तोल सांभाळण्यातच चालकाची शक्ती खर्च होते. ट्रेलरमध्ये हा भार जमिनीलगत राहतो.

== बांधणी ==
सांगाड्यासाठी चौरस लोखंडी नळी सोयीची असते. कोकणातील जवळजवळ भरीव असा माणगा बांबूही चालतो, मात्र त्याचे सांधे बांधून घट्ट करावे लागतात.

घरगुती ट्रेलर बहुधा चाकांपाशी निकामी होतात. सायकलच्या चाकाचा आस दोन्ही टोकांना आधार मिळेल अशा रीतीने घडवलेला असतो. तो एकाच बाजूने सांगाड्याला बसवल्यास भाराने वाकतो. म्हणून प्रत्येक चाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी असावी. शिवाय सायकल वळताना कलते, दोनचाकी ट्रेलर कलत नाही, त्यामुळे त्याच्या आऱ्यांवर आडवा ताण येतो. २० इंची चाक येथे २८ इंचीपेक्षा अधिक टिकते आणि गाडीही बुटकी राहते. त्याचा तोटा खड्ड्यांत जाणवतो, आणि पावसाळ्यात पाणी साचलेल्या सखल रस्त्यावर खड्डा दिसतच नाही.

== जोडणी आणि भार ==
दांडा सीटखालील नळीला बांधणे सोपे, पण जोड उंच असल्याने ट्रेलरचे हिसके सायकलला डोलवतात. तो मागच्या आसाजवळ, डाव्या बाजूस जोडणे इष्ट. उजवीकडे साखळी असते. सांधा सर्व दिशांना वळणारा हवा, अन्यथा सायकल कलली की ट्रेलरही उलटू पाहतो. जाड रबरी नळीचा तुकडा व बोल्ट यांनीही हे काम भागते. पण सांधा निसटल्यास गाडी मागे सुटू नये म्हणून वेगळा पट्टा बांधणे अत्यावश्यक आहे.

भाराचा मध्य ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे असावा. दांड्यावर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे ६० किलोग्रॅमसाठी ३ ते ६ किलोग्रॅम, दाब पुरेसा होतो. भार मागे सरकल्यास दांडा वर उचलला जाऊन सायकलच्या मागच्या चाकाची पकड कमी होते.

== चढ आणि ब्रेक ==
दर २५ मीटरला १ मीटर चढ असलेल्या पुलावर १०० किलोग्रॅमचा ट्रेलर ताशी १० किलोमीटर वेगाने ओढण्यास, घर्षण सोडून, सुमारे १०९ वॅट अतिरिक्त शक्ती लागते. सामान्य माणूस फार वेळ एवढी शक्ती देऊ शकत नाही. चढावर उतरून ढकलणे हाच व्यवहार्य मार्ग.

उताराचा धोका मोठा आहे. चालक व सायकल मिळून ९० किलोग्रॅम आणि ट्रेलरही ९० किलोग्रॅम असल्यास, तेवढ्याच ब्रेकच्या जोरावर थांबण्याचे अंतर दुप्पट होते. ओल्या रिमवर ते आणखी वाढते. वळणावर ब्रेक दाबल्यास ट्रेलर सायकलचे मागचे चाक बाजूला ढकलतो, म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा लागतो.

== महाराष्ट्रातील संबंधित संशोधन ==
फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांच्या नेतृत्वाखाली सायकल रिक्षाच्या सुधारणेवर काम झाले. पारंपरिक रिक्षाला गिअर नसणे आणि ब्रेक केवळ पुढच्या चाकाला असणे हे दोष त्यात नोंदवले गेले. हेच दोष साध्या सायकलला जोडलेल्या जड ट्रेलरलाही बऱ्याच अंशी लागू पडतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनांना लागू असल्याने पायडलच्या सायकलीस वा तिच्या ट्रेलरला त्याखाली नोंदणी लागत नाही. परिणामी अशा ट्रेलरच्या ब्रेकची वा सांध्याची तपासणी बनवणाऱ्यालाच करावी लागते.