हायब्रीड स्पोर्ट्‌स कार : ॲव्हरेज, वजन आणि वेग यांविषयीचे समज

आळंदीहून फलटण, नातेपुते आणि माळशिरसमार्गे पंढरपूरला जाणाऱ्या पालखी महामार्गावर ज्या हायब्रीड मोटारी दिसतात, त्या बहुधा टोयोटा इनोव्हा हायक्रॉस किंवा मारुती ग्रँड व्हिटारा यांसारख्या घरगुती वापराच्या असतात, आणि त्या घेणारा ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो ‘ॲव्हरेज किती देते’ हाच. त्यामुळे हायब्रीड म्हणजे पेट्रोल वाचवणारी पण दम नसलेली गाडी, असा समज नातेपुत्यासारख्या गावाच्या बाजारपेठेत रूढ होणे स्वाभाविक आहे. मात्र हाच समज स्पोर्ट्‌स कारला लावला की तो साफ चुकतो.

ग्रँड व्हिटाराच्या हायब्रीड आवृत्तीची एकत्रित शक्ती सुमारे ११६ अश्वशक्ती इतकीच आहे, कारण तिचे दीड लिटरचे इंजिन ‘ॲटकिन्सन’ पद्धतीचे आहे. म्हणजे त्यात हवा आत घेणारी झडप उशिरा बंद होते, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात इंधन कमी लागते आणि त्या बदल्यात शक्तीही थोडी कमी मिळते. हा संथपणा त्या गाडीच्या आखणीत जाणूनबुजून स्वीकारलेला असून पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड देण्याशी त्याचा संबंध नाही. तीच जोड वेगासाठी वापरली तर काय घडते, याचे उदाहरण मराठी वाचकाला परिचित असलेल्या दोन गाड्यांत सापडते. सचिन तेंडुलकर यांना २००२ मध्ये मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनामध्ये ३.६ लिटरचे, आठ सिलिंडरचे, ४०० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती सुमारे ४.५ सेकंदांत गाठत असे. त्यांनीच २०१४ च्या ऑटो एक्स्पोमध्ये ज्या बीएमडब्ल्यू आय-८ चे अनावरण केले आणि जी पुढे त्यांच्याकडेही आली, त्या हायब्रीड गाडीत अवघे दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे इंजिन आणि १३१ अश्वशक्तीची विजेची मोटार मिळून ३६२ अश्वशक्ती होती, आणि तोच वेग ती ४.४ सेकंदांत गाठत असे. कमाल वेगात मात्र फेरारी पुढे होती, कारण ती ताशी २९५ किलोमीटरपर्यंत जात असे आणि आय-८ चा वेग २५० वर रोखलेला होता.

कमी शक्ती असूनही ही बरोबरी कशी साधते, हे समजण्यासाठी नातेपुत्याहून शिखर शिंगणापूरकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावरचे एखादे घाटवळण डोळ्यांसमोर आणावे. चालक वळणापूर्वी ब्रेक दाबतो तेव्हा इंजिनाचे फेरे उतरतात, बाहेर पडणाऱ्या धुराचा झोत मंदावतो आणि त्या झोतावर फिरणारा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, सुस्तावतो. वळण संपताच ॲक्सिलरेटर दाबला तरी तो पंखा पुन्हा गती घेईपर्यंत गाडी क्षणभर अडखळते, आणि यालाच टर्बो लॅग म्हणतात. विजेच्या मोटारीला असा कोणताही झोत जमण्याची वाट पाहावी लागत नाही. तिचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, पहिल्या फेऱ्यापासूनच जवळजवळ पूर्ण मिळतो. शिवाय त्यासाठी लागणारी वीज काही अंशी वळणापूर्वीच्या ब्रेकमधूनच आलेली असते, कारण साध्या गाडीत उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा इथे मोटार जनित्रासारखी चालवून बॅटरीत साठवलेली असते.

पोर्शेने २०२४ च्या ९११ कॅरेरा जीटीएसमध्ये हा विचार आणखी पुढे नेला असून तिच्या टर्बोच्या दांड्यावरच एक छोटी मोटार बसवली आहे, जी पंख्याला तत्काळ गती देते आणि जादा झोत असताना त्यातून वीजही निर्माण करते. तिची बॅटरी केवळ १.९ किलोवॅट-तासांची, म्हणजे घरगुती मीटरवरील दोन युनिटांहूनही कमी आहे, ती बाहेरून चार्ज करावी लागत नाही, आणि आधीच्या आवृत्तीपेक्षा गाडीचे वजन फक्त ५० किलोंनी वाढले आहे. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या सुमारे २१ किलोमीटरच्या वळणदार मार्गावर तिने आपल्याच आधीच्या पेट्रोल आवृत्तीला ८.७ सेकंदांनी मागे टाकले. स्पोर्ट्‌स कारच्या जगात इतका फरक फार मोठा मानावा लागतो.

बॅटरी संपली की हायब्रीड गाडी म्हणजे ओझे वाहणारी साधी गाडी उरते, या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. परंतु शर्यतीच्या मार्गावर ब्रेक वारंवार लागत असल्याने बॅटरी सतत भरत राहते. ‘२४ अवर्स ऑफ ल मां’ या अहोरात्र चालणाऱ्या फ्रान्समधील शर्यतीत २०१२ मध्ये आउडीची हायब्रीड गाडी प्रथम जिंकली आणि तेव्हापासून २०२५ पर्यंत एकूण विजेतेपद प्रत्येक वेळी हायब्रीड गाडीकडेच गेले, हे त्या आक्षेपाचे पुरेसे उत्तर आहे. फॉर्म्युला वनच्या इंजिनांतही २०१४ पासून दीड लिटरहून किंचित मोठे टर्बो इंजिन आणि वीज यांचीच जोडी आहे.

हायब्रीडमुळे मोठ्या इंजिनाचा आवाज हरवतो, ही खंत समजण्यासारखी असली तरी ती सरसकट खरी नाही, कारण लॅम्बोर्गिनीच्या रेव्हुएल्टोमध्ये तीन विद्युत मोटारींसह बारा सिलिंडरचे साडेसहा लिटरचे इंजिन कायम आहे आणि त्याच कंपनीच्या टेमेरारियो या हायब्रीड गाडीचे इंजिन मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत जाते.

खरा दोष वेगळाच आहे, आणि हायब्रीडच्या समर्थकांनी तो झाकू नये. बीएमडब्ल्यूच्या नव्या एम-५ ची शक्ती ६०० वरून ७२७ अश्वशक्ती झाली, पण मोठी बॅटरी आणि अन्य सामग्रीमुळे तिचे वजन पूर्वीपेक्षा ५०० किलोंहून अधिक वाढून सुमारे २,४३५ किलो झाले. परिणामी शून्य ते शंभरसाठी पूर्वी ३.४ सेकंद लागत, तिथे आता ३.५ लागतात. मर्सिडीज-एएमजीच्या सी-६३ मध्ये आठ सिलिंडरच्या जागी दोन लिटरचे चार सिलिंडर इंजिन आणि मोटार मिळून ६८० अश्वशक्ती आली, तरी दोन टनांपुढे गेलेल्या वजनामुळे वळणावरची चपळाई पूर्वीसारखी राहिली नाही. विजेच्या बळावर काही किलोमीटर पेट्रोलविना जाण्याची सोय हवी असेल तर बॅटरी मोठी लागते, आणि मोठी बॅटरी प्रत्येक वळणावर, प्रत्येक ब्रेकला आपले वजन वसूल करते. वेगासाठी लागणारी बॅटरी त्या मानाने लहानच पुरते.

अशी गाडी घेतल्याने पेट्रोलचा खर्च वाचून किंमत वसूल होईल, हा हिशेब तर मुळीच बसत नाही. भारतात रेव्हुएल्टोची किंमत ८.८९ कोटी रुपयांपासून सुरू झाली आणि केवळ विजेवर ती जेमतेम दहा किलोमीटर जाते, बाकीचा प्रवास पेट्रोलवरच होतो.

तेव्हा हायब्रीड स्पोर्ट्‌स कार पेट्रोल गाडीच्या तोडीची आहे का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो, आणि अनेकदा वरचढ’ असेच द्यावे लागते. मात्र कोणत्याही नव्या गाडीबद्दल हे मान्य करण्यापूर्वी वाचकाने एकूण अश्वशक्तीचा आकडा बाजूला ठेवून आधी तिचे वजन पूर्वीच्या पेट्रोल आवृत्तीपेक्षा किती वाढले आहे, हे पाहावे.