मुलांचे खेळ आणि माणसांत वागण्याचे शिक्षण

शाळेच्या वेळापत्रकात गणिताला तास असतो, भाषेला असतो, चित्रकलेलाही आठवड्यातून एकदोन तास मिळतात. परंतु आपली पाळी येईपर्यंत थांबणे, आपल्याहून दुबळ्या गड्याला सांभाळून घेणे, हरल्यावर रुसून घरी न जाणे, भांडण झाले तर ते मिटवून पुन्हा त्याच मुलांबरोबर खेळावयास लागणे, या गोष्टींना तास नसतो. त्या मुलाला आपोआप येतात असे आपण धरून चालतो. एके काळी त्या पुष्कळ अंशी आपोआप येतही असत. वाड्याचे अंगण, गल्ली, देवळाचे पटांगण येथे दिवेलागणीपर्यंत मुलांचे राज्य चाले. सहा वर्षांचे आणि बारा वर्षांचे मूल एकाच डावात असे, आणि कोणाचे डोके फुटले नाही तोवर मोठी माणसे त्यात लक्ष घालीत नसत. आज शहरातील ते अंगण मोटारी उभ्या करण्याच्या कामी आले आहे. मुलाचा उरलेला वेळ शिकवण्यांनी आणि हातातल्या पडद्याने वाटून घेतला आहे. तेव्हा गल्ली जे काम फुकट करीत असे ते शाळेने जाणूनबुजून अंगावर घ्यावे की काय, हा प्रश्न आपणां नगरवासीयांपुढे आहे. घ्यावे, असे आमचे मत आहे. मात्र ते खेळातूनच घ्यावे, उपदेशातून नव्हे, आणि खेळ म्हटला की तो आपोआप चांगलेच शिकवतो अशा भ्रमात राहू नये. या दुसऱ्या मुद्द्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही, म्हणून त्याचा थोडा विस्तार करू.

आधी मुलाला कोणत्या वयात काय कळते ते पाहू. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी जिनीव्हा व न्यूशातेल येथील मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास केला व मुलांच्या नीतिविषयक विचारांवरील आपला ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची रीत मौजेची होती. आपण नियम विसरलो आहो, तू शिकव, असे म्हणून ते मुलाजवळ बसत; मग हे नियम कोणी केले, ते बदलता येतील काय, असे हळूच विचारीत. त्यांना असे दिसले की, चारपाच वर्षांची मुले शेजारी बसून आपापलेच खेळतात आणि शेवटी दोघेही जिंकलो म्हणून खुशाल सांगतात. सातआठच्या सुमारास दोघांनी एकच नियम पाळल्यावाचून जिंकण्याला अर्थ नाही हे उमगू लागते. तरीही एकाच वर्गातील दोन मुलांना वेगवेगळे विचारले तर नियम निरनिराळे निघतात. अकराबाराव्या वर्षी मात्र मुले नियमांचा वकिलांसारखा कीस काढतात. लहान मुलाला नियम हा वडीलधाऱ्यांनी घालून दिलेला, जवळजवळ देवाघरचा वाटतो. दहाच्या आसपास त्याला कळते की, तो आपणच सर्वांनी मिळून मान्य केलेला आहे आणि सर्वांच्या संमतीने बदलताही येतो.

पहिली-दुसरीच्या शिक्षकाने हे ध्यानात ठेवले तर त्याचा निम्मा संताप वाचेल. पहिलीतले मूल बाद होऊनही ‘मी बाद नाहीच’ म्हणते तेव्हा ते लबाडी करते असे समजण्याचे कारण नाही. नियमाची पकडच अजून त्याच्या मनात पक्की बसलेली नसते. उलट चौथीच्या वर्गाला नियम नुसते ऐकविणे म्हणजे त्यांच्या वाढत्या बुद्धीचा उपयोगच न करणे होय. त्यांना नियम करू द्यावेत, मोडून पाहू द्यावेत आणि फसलेले दुरुस्त करू द्यावेत.

पण खेळातच असे काय आहे की जे गोष्टीत किंवा धड्यात नाही? रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी १९३३ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात याचे मार्मिक उत्तर आहे. खेळातील मुलाला एकीकडे तत्काळ धावत सुटावेसे वाटत असते आणि दुसरीकडे खेळाचा नियम त्याला थांब म्हणत असतो. आणि मूल थांबते, कारण नियम पाळल्यानेच खेळाची गोडी मिळते. म्हणजे संयम हाच येथे आनंदाचा मार्ग होतो. आपल्याकडचा ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ पाहा. पुकारणाऱ्याने ‘हात वर’ म्हटले, पण ‘शिवाजी म्हणतो’ हे शब्द गाळले, तर हात वर करावयाचा नाही. अंग हलू पाहते आणि मन त्याला धरून ठेवते. वर्गात ‘गप्प बसा’ असे दहा वेळा ओरडून जे साधत नाही ते येथे मुले हसत हसत साधतात.

आमच्या जुन्या खेळांत माणसांत वागण्याच्या कित्येक गोष्टी नियमांतच विणलेल्या आहेत. विषामृतात ‘विष’ लागलेला गडी जागच्या जागी थिजतो आणि कोणीतरी जिवावर उदार होऊन त्याला ‘अमृत’ देण्यास जातो. मदत करणे हे तेथे उपकाराचे कृत्य नसून डावाचा भाग आहे. साखळीच्या खेळात पकडलेल्याने पकडणाऱ्याचा हात धरावयाचा असतो. साखळी लांबते तसतसे सर्वांत हळू धावणाऱ्याच्या पावलाने सर्वांना धावावे लागते. जोरात पळणारा झेप घेऊ लागला की साखळी तुटते, आणि तुटलेल्या साखळीने कोणाला पकडता येत नाही. लगोरीत सात चिपा रचणारा एक असला तरी चेंडू स्वतःकडे ओढून घेणारे इतर गडी नसले तर त्याची तिसरी चीपही बसत नाही.

पण सर्वांत शहाणा खेळ आम्हांला खो-खो वाटतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ मध्ये या खेळाचे नियम बांधण्याचे काम झाले; खेळ अर्थात त्याहून पुष्कळ जुना. बसणारे आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलून मागे फिरता येत नाही, दोन गड्यांमधून पलीकडे घुसता येत नाही. पळणारा हातभर अंतरावरून निसटून दुसऱ्या बाजूला गेला की, आपला पाठलाग सोडून योग्य दिशेला तोंड असलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ द्यावयाचा आणि त्याच्या जागी मुकाट्याने बसावयाचे. वर्गातला सर्वांत चपळ मुलगा प्रथम हेच करावयास तयार नसतो. गडी मीच मारणार, या ईर्षेने तो खांबापासून खांबापर्यंत धावत राहतो, दमतो, आणि पळणारे त्याला हुलकावण्या देत वेळ काढतात. दोनचार डाव असे गेले की बसलेली मुलेच ओरडू लागतात, ‘अरे, खो दे!’ आपल्या हातचे यश दुसऱ्याच्या हाती कधी द्यावे हे ज्ञान मोठमोठ्या संस्थांच्या चालकांनाही उशिरा येते, कित्येकांना येतच नाही; येथे ते दहा वर्षांच्या मुलाला पायांतून समजते. बसलेल्याचे शिक्षणही काही कमी नाही. खो मिळण्यापूर्वी उठले तर चूक, मिळाल्यावर रेंगाळले तर डाव गेला. म्हणजे आपली पाळी नसतानाही जागे राहावयाचे असते.

आता खेळांची दुसरी बाजू पाहू. संगीत खुर्चीत पहिल्यांदा बाद होतो तो बुजरा, जाडा किंवा मंद पावलांचा मुलगा, आणि मग उरलेला सारा वेळ तो भिंतीशी उभा राहून इतरांचे कौतुक पाहतो. ज्याला सरावाची गरज सर्वांत अधिक त्याला खेळावयास सर्वांत कमी मिळते. कॅनडातील टेरी ऑर्लिक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सहकारी खेळांच्या पुस्तकात याला उत्तर सुचविले. खुर्च्या कमी करावयाच्या, पण मुले कमी करावयाची नाहीत. शेवटच्या दोन खुर्च्यांवर साऱ्या वर्गाने एकमेकांना धरून कसे मावावयाचे, हाच मग खेळ होतो. आमच्या शाळांतून हा प्रकार करून पाहण्यास खर्च काहीच नाही.

‘मामाचे पत्र हरवले’ या निरुपद्रवी खेळातही एक काटा आहे. रुमाल घेऊन पाठीमागून धावणारा तो आपल्या मित्राच्याच मागे टाकतो, मित्र त्याच्या मित्राच्या. अर्धा तास रिंगणात बसून ज्याच्या मागे रुमाल एकदाही पडला नाही असे एखादे मूल प्रत्येक वर्गात असते. शिक्षकाचे लक्ष पळणाऱ्यांकडे असते, पण त्याने पाहावयास हवे ते या बसून राहिलेल्या मुलाकडे. त्याचे नाव घेऊन ‘याला कोणी पत्र देत नाही का?’ असे विचारणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. ज्याला एकदा पत्र मिळाले त्याने हाताची घडी घालून बसावे, एवढा नियम केला की काम भागते. आणि तिसरी-चौथीच्या मुलांपुढे ‘सर्वांना पत्र मिळेल अशी युक्ती काढा’ एवढेच म्हटले तर असला नियम ती स्वतःच काढतील.

भिडू निवडण्याचेही तसेच आहे. दोन नायकांनी आळीपाळीने एकेक गडी उचलावयाचा आणि शेवटी जो उरतो त्याने मान खाली घालून नकोशा पक्षात जावयाचे, ही रीत आम्हांला क्रूर वाटते. याहून चांगल्या रीती मुलांनीच शोधून ठेवल्या आहेत. साधारण सारख्या ताकदीची दोन मुले दूर जाऊन आपणांला आंबा व चिंच अशी गुप्त नावे घेतात आणि परत येऊन नायकांना ‘आंबा हवा की चिंच?’ असे विचारतात. येथे कोणी कोणाला नाकारीत नाही, आणि पक्षही समतोल पडतात. राज्य कोणावर यावे हे ठरविण्यासाठी हातावर हात टाकून चकण्याची पद्धतही अशीच निःपक्षपाती आहे.

खेळात घेणे न घेणे हा प्रश्न शिकागोतील बालशिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी अगदी मुळाशी जाऊन हाताळला. खेळावयास आलेल्याला ‘तू नको’ असे म्हणता येणार नाही, असा नियम वर्गात करावा काय, याची चर्चा त्यांनी आपल्या चिमुकल्यांशी केली आणि वरच्या वर्गांतील मुलांशीही केली. नियम न्यायाचा आहे, पण चालेल कसा, अशी शंका मोठ्यांना आली. पेलीबाईंनी तो अंमलात आणला व ती हकीकत १९९२ मध्ये पुस्तकरूपाने दिली. मोठ्यांची शंका ही आपल्याही विचाराला लावणारी आहे. नाकारण्याची सवय वयाबरोबर मुरत जाते. म्हणून हे शिक्षण पहिलीतच सुरू व्हावे.

स्पर्धेविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरिफ यांनी अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलग्यांचे दोन गट करून त्यांच्यात सामन्यांची मालिका लावली. थोड्याच दिवसांत शिव्यागाळी झाली, एकमेकांचे झेंडे जाळले गेले. पुढे बिघडलेला पाणीपुरवठा शोधणे, अडलेली मालमोटार ओढणे अशी दोन्ही गटांवाचून न होणारी कामे पुढे ठेवली, तेव्हा वैर निवळत गेले. रस्सीखेचीत ज्या दोराने एकमेकांविरुद्ध ओढले त्याच दोराने मोटार ओढली, ही गोष्ट आम्हांला फार आवडते. मात्र संशोधकांनी मुलांना मुद्दाम चिथावले असे आक्षेप पुढे घेतले गेले, आणि १९५३ मधला तसाच प्रयोग मुले वैरी व्हावयास तयार नसल्याने फसला होता, हेही सांगितले पाहिजे. सामने बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. पण वर्षभर तेच दोन पक्ष ठेवू नयेत. आजचा प्रतिस्पर्धी उद्या भिडू झाला की वैर मुरत नाही.

खेळातून वागणूक सुधारण्याचा आणखी एक प्रयोग नमूद करू. कॅन्सास राज्यातील चौथीच्या एका वर्गाचे दोन संघ करून, धांदल-गोंगाटाबद्दल संघाच्या नावे खूण करावयाची आणि खुणा ठराविक संख्येच्या आत राहिल्यास संघ जिंकला समजावयाचे, असा खेळ करण्यात आला. त्याचे वर्णन १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. यात दोन्ही संघांना एकाच वेळी जिंकता येते, ही त्यातील मेख. बाल्टिमोर शहरात पहिलीच्या वर्गांत तो पुढे चालविला गेला. ती मुले एकोणीस ते एकवीस वर्षांची झाल्यावर तपासले असता, लहानपणी दांडगट असलेल्या मुलग्यांत मादक पदार्थांचे व्यसन या वर्गांत कमी आढळले. एका खेळाने जन्माचे कल्याण होते, असा अर्थ कोणी काढू नये. शिवाय एकाच्या खोडीची शिक्षा साऱ्या संघाला झाली की त्या एकावर सारे तुटून पडतात. शिक्षक सावध नसेल तर औषधापेक्षा रोग बरा म्हणण्याची पाळी यावयाची.

शिक्षकाने खेळात किती पडावे? थोडेच. शिट्टी सतत तोंडात धरणारा शिक्षक मुलांचे भांडण मिटवतो खरा, पण भांडण मिटविण्याची त्यांची संधीही हिरावून घेतो. बाद की नाही यावर एकमत झाले नाही तर ‘डाव पुन्हा’ हा मुलांचा स्वतःचा कायदा आहे, आणि पुष्कळ वादांत याहून चांगला निकाल न्यायाधीशही देणार नाही. मारामारीवर गोष्ट आली किंवा एकाच मुलावर नेहमी राज्य येऊ लागले, की मात्र मध्ये पडावे. डाव संपल्यावर दोनतीन मिनिटे सर्वांनी गोल बसावे आणि शिक्षकाने एखादा साधा प्रश्न टाकावा. साखळी कुठे तुटली? खो केव्हा द्यावयास हवा होता? प्रवचन करू नये. मग दुपारी पाण्याच्या नळापाशी ढकलाढकली झाली म्हणजे ‘येथे खो कोणाचा?’ एवढे विचारले तरी पुरते. खेळातला गुण मैदानाबाहेर आपोआप येत नाही. त्याला असा हात धरून आणावे लागते.

जागा नाही, वेळ नाही, ही सबब सर्वत्र ऐकू येते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य असावे असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या पाल्याच्या शाळेत ते आहे काय, असल्यास ते कुलपात आहे की मुलांच्या हातात, एवढी चौकशी येथे बसलेल्या प्रत्येक पालकाला करता येईल. आणि ‘शिवाजी म्हणतो’ला तर बाकांमधली जागाही पुरते.

शेवटी लिंबूटिंबूविषयी. फार लहान, आजारातून उठलेले किंवा पायाने अधू असलेले मूल डावात घ्यावयाचे, पण त्याला बाद धरावयाचे नाही, ही सोय आमच्या मुलांनी कोणाच्याही सांगण्यावाचून केली आहे. कायद्याची पुस्तके धुंडाळली तरी इतकी सुटसुटीत तरतूद सापडणे कठीण. पण या सवलतीला मुदत असते, आणि ती ओळखणे नाजूक आहे. एके दिवशी ते मूल बाद झाल्यावर इतर म्हणतात, ‘असू दे, तो लिंबूटिंबू आहे,’ आणि ते रागाने म्हणते, ‘मी नाही लिंबूटिंबू, मी बाद आहे.’ त्या वेळी शिक्षकाने गप्प राहावे. मुले क्षणभर एकमेकांकडे पाहतात, मग कोणीतरी म्हणते, ‘बरं, मग राज्य तुझ्यावर,’ आणि डाव पुढे चालू होतो.