खोलीमागे एक गाणं

लताबाईंनी पंचवीस हजार गाणी म्हटली, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पाठ करून घेणारे आमचे मामा. वरळीच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या माळ्यावर त्यांची खोली, आणि समोरच्याच दारात राहणारे काका कट्टर रफीवाले. दोन्हीकडे खोल्यांची रांग असल्यामुळे मधल्या पॅसेजमध्ये भर दुपारीही ट्यूब लावावी लागायची. त्या ट्यूबखाली पाण्याच्या पिंपावर कॅरमबोर्ड टेकवून हा वाद चालायचा.

"गिनीज बुकात छापून आलंय," मामा म्हणायचे.

काका स्ट्रायकर बोटाखाली दाबून धरत. "मग आमच्या रफीसाहेबांची अठ्ठावीस हजार कुठं गेली? तीपण त्याच बुकात आहेत."

पैज कटिंग चहाची. चहा कुणी पाजायचा ते शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण मोजायला कुणी बसलंच नाही. ते काम आता मी करतो आहे, आणि मोजायला माप घेतलंय ते चाळीचंच.

बीडीडीची एक चाळ म्हणजे तळमजला आणि वर तीन माळे. माळ्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. वरळीत अशा १२१ चाळी, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे डिलाईल रोडला, ३२, शिवडीला १२. एकूण २०७ चाळी, गुणिले ऐंशी, म्हणजे १६,५६० खोल्या. आता खोलीमागे एक गाणं ठेवत जाऊ.

१९७४ च्या सुमाराला गिनीज बुकात लताबाईंची नोंद झाली ती अशी: १९४८ ते १९७४ या काळात वीस भारतीय भाषांत किमान २५,००० गाणी. खोलीमागे एक ठेवलं तर वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी सगळं भरून ८,४४० गाणी रस्त्यावर राहतात. मोहम्मद रफींनी या नोंदीला १९७७ मध्ये पत्र लिहून हरकत घेतली, आपली गाणी जास्त असल्याचं कळवलं. ३१ जुलै १९८० ला ते गेले. १९८४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नोंदीशेजारी रफींचा २८,००० गाण्यांचा दावाही छापला गेला. त्या हिशेबानं ११,४४० गाणी बेघर.

हे एवढं गायला वेळ कधी मिळाला? १९४८ ते १९७४ हे दिवस होतात साधारण साडेनऊ हजार. पंचवीस हजारांना त्यानं भागलं की रोज अडीचच्या वर गाणी येतात. रविवार नाही, दिवाळी नाही, घसा बसला म्हणून रजा नाही. आणि तेव्हा गाणं होतं कसं? अख्खा वाद्यमेळ समोर, एकदम ध्वनिमुद्रण. एक व्हायोलिनवाला चुकला की सगळं पहिल्यापासून. त्यात ही गाणी काही परदेशात होत नव्हती. महालक्ष्मीचा फेमस स्टुडिओ वरळीच्या चाळींपासून पायी जाण्याच्या अंतरावर, ताडदेवचं फिल्म सेंटर त्यापुढे. मामांच्या वयाच्या माणसानं मनात आणलं असतं तर स्टुडिओच्या फाटकाशी उभं राहून गाड्या मोजता आल्या असत्या.

पण गाड्या मोजायचीही गरज नाही. त्या काळात हिंदी चित्रपट वर्षाला शंभर-सव्वाशे निघत. सरासरी एकशेदहा धरू, चित्रपटात आठ गाणी धरू. सव्वीस वर्षांचा गुणाकार येतो २२,८८०. ही सगळ्यांची गाणी: लता, आशा, गीता दत्त, शमशाद, रफी, मुकेश, किशोर, तलत, मन्ना डे, शिवाय चित्रपटात एकच ओळ गाऊन नाहीसे झालेले सगळे. एकटीनं सगळी गायली असती, अगदी 'ओ दुनिया के रखवाले'सुद्धा, तरी पंचवीस हजार भरत नाहीत. उरलेली मराठी, बंगाली, गुजरातीतून भरून काढायची म्हटली, तरी आधी हिंदीतलं प्रत्येक गाणं तिनंच गायलेलं असायला हवं होतं.

एकेक गाणं मोजणारी माणसं मात्र होती, आणि खरं म्हणजे हा लेख त्यांच्यावर असायला हवा. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' केला. १९३१ च्या 'आलम आरा'पासून दशकवार खंड, चित्रपटागणिक गाणी, गाण्यागणिक गायक, रेकॉर्डचा नंबर. मुंबईच्या विश्वास नेरुरकरांनी एकट्या लताबाईंच्या गाण्यांची सूची केली. या वह्यांतून निघालेले आकडे असे: लताबाईंची हिंदी गाणी पाच हजारांच्या आसपास, रफींची चित्रपटगीतं साडेचार हजारांच्या, किशोरकुमारांची अडीच-पावणेतीन हजार. गिनीजनं १९९१ मध्ये लता-रफींची ती नोंद काढून टाकली. २०११ मध्ये आशाबाईंची नोंद केली ती ११,००० 'पर्यंत' अशी. या 'पर्यंत'मध्ये किती पोळलेली बोटं आहेत ते वाचणाऱ्याला कळतं. २०१६ मध्ये दक्षिणेच्या पी. सुशीलांची नोंद झाली १७,६९५ अशी, शेवटच्या पाचासकट. आकड्याच्या शेवटी तीन शून्यं दिसली की मी आता सावध होतो.

पाच हजार म्हणजे ऐंशीच्या हिशेबानं साडेबासष्ट चाळी, वरळीची निम्मी वस्ती. मामा असते तर चेहरा पडला असता. पण थांबा. एक गाणं साडेतीन मिनिटांचं धरा. गणपती बसल्याबरोबर पहिलं गाणं लावलं आणि रात्रंदिवस लाऊडस्पीकर बंदच केला नाही, तर अनंत चतुर्दशीला मूर्ती समुद्रात गेल्यावरही गाणी संपलेली नसतात. अजून दोन दिवस वाजत राहतात. बारा दिवस, एकच आवाज, एकही गाणं दुसऱ्यांदा नाही. पंचवीस हजारांचा हिशेब केला तर श्रावण आणि भाद्रपद दोन्ही महिने संपून वर जवळजवळ दोन दिवस उरतात. ते ऐकून माणूस 'बाप रे' म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. बारा दिवसांचं मात्र मला कल्पनेत ऐकू येतं.

चित्रपटगीतांवरून वाद घालणारेही थोडेथोडके नव्हते. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर, आपले पुण्याचेच, यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना बाजूला सारलं आणि अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला सिलोनवर बिनाका गीतमाला हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. तो सादर करणाऱ्या अमीन सायानींना थोड्याच पत्रांची अपेक्षा होती. पहिल्याच कार्यक्रमाला आली नऊ हजार. वरळीच्या १२१ चाळींत खोल्या ९,६८०. म्हणजे जवळपास प्रत्येक खोलीतून एक पत्र. पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत पत्रं जाऊ लागली, तेव्हा चारी ठिकाणच्या बीडीडीतल्या खोलीखोलीतून दर आठवड्याला चार-चार पत्रं जावीत असं प्रमाण झालं. मामा-काकांचा कॅरमबोर्ड हा त्या टपालाच्या पिशवीतला एक लिफाफा.

आणि फुगलेल्या आकड्यावर हसायचा अधिकार बीडीडीवाल्याला कितपत आहे? खुद्द चाळींचा जन्मच तसा. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, तेव्हा कामगारांसाठी जाहीर झालेला आकडा होता पन्नास हजार खोल्यांचा. झाल्या साडेसोळा हजार. त्यातही भाडं परवडेना, गिरणी लांब पडे, म्हणून वरळीच्या कितीतरी चाळी ओस पडल्या, आणि १९३० च्या सत्याग्रहात सरकारनं त्यांचा तुरुंग केला. पन्नास हजारांचे साडेसोळा हजार, पंचवीस हजारांचे पाच हजार. पण जे उभं राहिलं ते टिकलं, दोन्हीकडे.

मामा-काकांचं लता-रफीवर कधी जमलं नाही, पण एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या गाण्यांना दोघं एकाच सतरंजीवर बसत. तिथं वाद वेगळ्या गायकांवर: प्रल्हाद शिंदे मोठे की नायगावात जन्मलेले विठ्ठल उमप? आणि लोककवी वामनदादा कर्डकांनी गाणी लिहिली किती? दहा हजार, असं सगळेच सांगत. मला आता सवय लागल्यामुळे मी याही आकड्याकडे तीन शून्यं बघून डोळे बारीक केले. दादा मूळचे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा, पहिलं गीत १९४३ मधलं, आणि गेले २००४ मध्ये. एकसष्ट वर्षांत दहा हजार म्हणजे दोन दिवसांत एक गीत, थोडं कमीच. व्हायोलिनवाले नकोत, स्टुडिओ नको. सभेच्या वाटेवर गाडीत बसल्या बसल्या लिहायचं आणि रात्री गायचं. हा आकडा भागाकाराला घाबरत नाही. खरा असू शकतो. पण त्याला 'गीत कोश' नाही. चित्रपटाच्या गाण्याला रेकॉर्डचा नंबर असतो, सेन्सॉरचा दाखला असतो. जे गाणं वरळीच्या जांबोरी मैदानात एका रात्री गायलं गेलं आणि ज्याची ना तबकडी निघाली ना कॅसेट, त्याचा पुरावा कुठल्यातरी गायनपार्टीतल्या पेटीवाल्याच्या वहीत. निळ्या शाईनं उतरवलेलं, समासात सूर लिहिलेला, कोपऱ्यावर तेलाचा डाग.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांचे ५०० झाले, चांगलंच झालं. बाकीच्या चाळीही टप्प्याटप्प्यानं रिकाम्या होणार. रिकाम्या होताना सगळ्यात आधी खाली येतो तो पोटमाळा: पितळी पिंप, जुना रेडिओ, कॅसेटींचा खोका आणि वह्या. पिंप नव्या घरी जातं. वह्या रद्दीत, किलोच्या भावानं.

तर वरळी, नायगाव, डिलाईल रोडवाल्यांना एवढंच सांगणं आहे. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ती वही उघडा, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कुणाची वही, कुठली पार्टी, साधारण कुठलं साल ते खाली लिहा. आणि पानं मोजा.