सरासरीच्या पदराआड

अमेरिकेत 2022 साली दर हजार जिवंत जन्मांमागे 5.6 बाळं वर्षाच्या आत दगावली. हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या, मातांच्या बाळांत हा आकडा 4.9 होता, कृष्णवर्णीयांत जवळपास 11. हिस्पॅनिक समाजात गरिबी जास्त आणि आरोग्यविमा कमी. पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी सुरू करणाऱ्या गर्भवतींचं प्रमाणही तिथे गोऱ्यांपेक्षा बरंच खाली आहे. तरीही तिथली बाळं सरासरीपेक्षा जास्त जगतात. या कोड्याकडे मार्कीडिस आणि कोरील या संशोधकांनी 1986 मध्येच लक्ष वेधलं होतं. त्यावर शंकाही आल्या. आजारी बाळाला घेऊन आई मेक्सिकोला परतत असेल आणि मृत्यू अमेरिकेच्या नोंदीतून निसटत असेल, ही त्यांतली मोठी. पण रॉबर्ट हमर आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये पहिल्या काही तासांतले, पहिल्या दिवसातले मृत्यू वेगळे काढून पाहिले, तेव्हा तिथेही मेक्सिकोत जन्मलेल्या मातांची बाळं जास्त तगलेली दिसली. ओली बाळंतीण पहिल्याच दिवशी सीमा ओलांडत नाही. म्हणजे बाळं खरोखरच जगतात. धूम्रपान कमी आणि घरच्या बायकांचा आधार मोठा, ही कारणं त्यामागे सांगितली जातात.

मग तपासणीवर खर्च कशाला, असा प्रश्न इथे पुढे येतो, आणि तो मला धोकादायक वाटतो. ‘हिस्पॅनिक’ हा एकजिनसी समाज नाही. त्यात क्युबन मातांची बाळं सर्वांत सुरक्षित आणि प्युर्तो रिकन मातांची सर्वांत असुरक्षित, असंच चित्र वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. आणि प्युर्तो रिकन लोक तर 1917 पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. कागद हातात असले म्हणजे बाळ वाचतं असं नाही. कागद नसण्याची भीती मात्र पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. आयोवातल्या पोस्टव्हिल गावी 12 मे 2008 रोजी कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या शोधात मांस कारखान्यावर छापा पडला, 389 जणांना अटक झाली. त्यानंतरच्या महिन्यांत राज्यभरातल्या हिस्पॅनिक मातांना कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका आदल्या वर्षीच्या तुलनेत 24 टक्क्यांनी वाढला, अमेरिकेतच जन्मलेल्या मातांमध्येसुद्धा. गोऱ्या मातांत अशी वाढ नव्हती.

शिवाय घरची आजी कितीही मायेची असली तरी तिला सुनेचा रक्तदाब दिसत नाही, रक्तातली साखर कळत नाही. कागदपत्रं नसलेल्या बाईच्या बाळंतपणाचा खर्च सरकार तातडीची सेवा म्हणून देतं, पण आधीचे नऊ महिने अनेक राज्यांत तिला वाऱ्यावर सोडलं जातं. ऑरेगन राज्याने 2008 ते 2013 या काळात टप्प्याटप्प्याने एकेका काउंटीत ही तपासणी खुली केली, त्यामुळे तुलना करता आली. गरोदरपणातल्या भेटी सरासरी सातने वाढल्या, सोनोग्राफी आणि मधुमेहाची चाचणी कितीतरी जास्त जणींची होऊ लागली, आणि अतिशय कमी वजनाची बाळं व बाळांचे मृत्यू, दोन्ही घटले.