औषधांच्या जाहिरातींचा कायदा आणि बदललेली माध्यमे

कायदा त्या त्या काळातील साधने डोळ्यांसमोर ठेवून लिहिला जातो. साधने बदलली तरी कायद्याचा हेतू कायम राहतो, शब्द मात्र तोकडे पडू लागतात. आपल्या व्यवसायाशी निकटचा संबंध असलेला १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा हे याचे ठळक उदाहरण होय. वैद्य व औषध विक्रेते या दोघांनीही तो या दृष्टीने पुन्हा वाचणे अगत्याचे आहे.

या कायद्यातील ‘जाहिरात’ या संज्ञेत सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन व अन्य दस्तऐवज, तोंडी घोषणा, तसेच प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणा यांचा समावेश होतो. ही व्याख्या व्यापक आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास मान्यता दिली आहे. त्यामुळे मोबाइलवरील संदेश कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, असे समजणे धोक्याचे ठरेल. मनाई नव्या माध्यमापर्यंत पोहोचते; खरी अडचण आहे ती सवलतींची.

कलम १४ नुसार नोंदणीकृत वैद्यक आपल्या चिकित्सालयात अमुक व्याधीवर उपचार केले जातात, असा फलक लावू शकतो. ही सवलत जागेशी बांधलेली आहे. त्याच फलकाचे छायाचित्र चिकित्सालयाच्या संकेतस्थळावर टाकले, तर सवलत टिकते काय? कायद्याच्या शब्दांत याचे स्पष्ट उत्तर नाही. दुसरी सवलत केवळ वैद्यकांसाठी गोपनीयरीत्या पाठविलेल्या माहितीपत्रकांची आहे. नियमानुसार ही पत्रके टपालाने पाठवावयाची असून, ती केवळ नोंदणीकृत वैद्यक, रुग्णालय वा प्रयोगशाळेच्या उपयोगासाठी असल्याचे शीर्षस्थानी न पुसणाऱ्या शाईने छापावे लागते. आज अशी पत्रके व्हॉट्सॲपवर येतात. विक्रेत्याने त्यातील एखादे ग्राहकांच्या समूहात पुढे पाठविले, की गोपनीय पत्रकाची सार्वजनिक जाहिरात होते.

या संदिग्धतेचा लाभ कोणास होतो? विवेकी वैद्य कायद्याच्या भयाने मौन पाळतो आणि मधुमेह समूळ नष्ट करण्याची हमी देणारा मात्र घरोघरी पोहोचतो. त्या हमीवर विसंबून इन्सुलिन सोडणाऱ्या रुग्णाचे प्राण संकटात येतात, आणि दोष आयुर्वेदाच्या माथी बसतो.

हा कायदा यापूर्वीही बदललेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये हमदर्द दवाखाना प्रकरणात त्यातील काही तरतुदी अवैध ठरविल्या. त्यानंतर १९६३ मध्ये दुरुस्ती होऊन व्याधींची अनुसूची जोडली गेली. त्या अनुसूचीत देवीचा रोगही आहे. त्याचे जगातून उच्चाटन झाल्याचे १९८० मध्येच घोषित झाले. फेब्रुवारी २०२० च्या दुरुस्ती मसुद्यात इंटरनेट व इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला. औषध नियमावलीतील नियम १७० ने २०१८ मध्ये आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी आवश्यक केली होती. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळला गेला, ऑगस्ट २०२४ मध्ये त्या वगळण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती स्थगितीही उठली. धोरणाच्या अशा हेलकाव्यांत सामान्य व्यावसायिकाने कशाचा आधार घ्यावा?

अनुपान बदलले तरी औषध तेच राहते. त्याचप्रमाणे मनाईचा गाभा कायम ठेवून तीन सुधारणा व्हाव्यात. जाहिरातीची व्याख्या साधनांच्या नावांवरून न करता, तिचा जनतेवर होणारा परिणाम पाहून करावी. वैद्यकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील माहितीस, बरे करण्याची हमी नसल्यास, फलकाप्रमाणेच सवलत मिळावी. गोपनीय पत्रकांसाठी टपाल व शाईऐवजी नोंदणी क्रमांकाने उघडणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असावी.

तोपर्यंत उत्पादकाचे कोणतेही पत्रक रुग्णांच्या समूहात पाठवू नये, आपल्या नावाने प्रसृत होणाऱ्या मजकुराची दिनांकित प्रत जपावी आणि अनुसूचीतील व्याधींविषयी हमीचा एकही शब्द लिहू नये. कायद्यात बदल मागण्याचा आपला अधिकार या संयमानेच बळकट होईल.